मे महिन्यात घरच्यांना घेऊन डोंगरात: मनाली, काश्मीर की उटी?

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला. दोन ओळीत "मनालीला जा" असं सांगून मोकळं होणं पटलं नाही म्हणून आता निवांत बसून लिहितोय, थोडं लांबेल.

तुम्ही लिहिलंय ते परत एकदा मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही नाशिकच्या, घरची सहा माणसं. तुम्ही दोघं, मुलगा बारा वर्षांचा, मुलगी सात वर्षांची आणि तिला गाडी लागते. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखतात. सासरे बहात्तर, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, बीपीची गोळी चालू, पण रोज सकाळी अर्धा-पाऊण तास चालतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊन-येऊन आठ दिवस. मुलांना बर्फ हवाय, मोठ्यांना थंडावा. आणि प्रश्न असा, की मनाली, काश्मीर आणि उटी यातलं बेस्ट कुठलं.

मी पुण्यातून सहली नेतो, बरीच वर्षं झाली, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक अशीच तीन पिढ्यांची कुटुंबं असतात. त्यामुळे तुमच्या प्रश्नातली खरी अडचण लगेच दिसली. मुलांना जो बर्फ हवाय तो मे महिन्यात ज्या उंचीवर असतो ती उंची सासऱ्यांच्या हृदयाला सोसेलच असं नाही, आणि तिथपर्यंत नेणारा रस्ता तुमच्या लेकीच्या पोटाला आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना जड जाणार. हे एकदा समोर ठेवलं की ठिकाणाचं नाव आपोआप ठरत जातं. म्हणून मी नेहमी सांगतो, नाव शेवटी काढा. आधी तीन गोष्टी ठरवा: रात्री किती उंचीवर झोपणार, एका दिवसात जास्तीत जास्त किती तास गाडीत बसणार आणि एकूण किती वेळा बॅगा भरणार-उघडणार.

उंचीपासून सुरू करतो कारण सगळं तिथेच अडतं. साधा हिशोब असा की दर हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. तुमच्याकडे ४० अंश असताना महाबळेश्वर, जे साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे पाचेक अंशांचा फरक पडणार, म्हणजे दुपारी ऊन जाणवणारच, संध्याकाळ मात्र छान. सापुतारा तुम्हाला जवळ आहे पण ते हजार मीटरच्या आसपास, म्हणजे मेमधल्या दुपारी घरी आणि तिथे फार फरक नाही. चिखलदरा, तोरणमाळ, माउंट अबू, पचमढी ही सगळी हजार ते साडेबाराशेच्या पट्ट्यातली. एकदोन रात्रींसाठी जायला हरकत नाही, पण आठ दिवस सुट्टी काढून, सहा जणांचा खर्च करून "थंडी" शोधायला जाल तर मुलं तिसऱ्या दिवशी कंटाळतील. खरा थंडावा हवा असेल तर अठराशे ते बावीसशे मीटर हा पट्टा धरा. उटी २२४० मीटर, कुन्नूर साडेअठराशे, कोडाईकनाल एकवीसशेच्या वर, शिमला बावीसशे, मनाली दोन हजारांच्या थोडं वर, नैनिताल, मसुरी, राणीखेत सगळी याच पट्ट्यात. इथे मे महिन्यात दुपारी हाफ स्वेटरही लागत नाही आणि रात्री पांघरूण लागतं.

याच पट्ट्याचा दुसरा फायदा म्हणजे अडीच हजार मीटरपर्यंत झोपायला बहुतेक माणसांना त्रास होत नाही. त्याच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो: डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, भूक जाणं. साडेतीन हजार मीटरवर, म्हणजे लेहच्या उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने साधारण एक तृतीयांश कमी असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी, ती कसर हृदय जास्त वेगाने धडधडून भरून काढतं, आणि ज्याच्या हृदयात स्टेंट आहे त्याला ही जास्तीची मेहनत चालेल की नाही हे त्याचा डॉक्टरच सांगू शकतो. मी नाही, हॉटेलवाला नाही आणि "आमचे काका पंच्याहत्तरीत लडाख फिरून आले" म्हणणारे शेजारीही नाही. काकांचं हृदय वेगळं, तुमच्या सासऱ्यांचं वेगळं.

लडाख तुमच्या यादीत नाहीये हे चांगलंच आहे, पण कोणी सुचवेल म्हणून सांगतो, आठ दिवसांत सहा जणांनी आणि त्यात हा आरोग्याचा प्रश्न असताना ते नकोच. विमानाने थेट साडेतीन हजार मीटरवर उतरायचं, पहिले दोन दिवस खोलीत आराम करायचा, मग पँगाँगला सव्वाचार हजारांच्या वर जाऊन झोपायचं, हे तुमच्या कुटुंबाचं गणित नाही.

आता बर्फ. याचा नीट विचार करा कारण सगळा खर्च आणि सगळा ताण याच्यापायी वाढतो. मेच्या मध्याला मनालीत बर्फ नसतो, जवळच्या सोलंग खोऱ्यातही नसतो. बर्फ असतो वरच्या रोहतांग खिंडीत, ३९७८ मीटरवर. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून लोक नऊ किलोमीटरच्या त्या बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये सिस्सू-कोकसरला जातात, ती उंची एकतीसशेच्या आसपास. तिथे मेमध्ये रस्त्याच्या कडेला, नाल्यात बर्फाचे साठे मिळतात, पण किती मिळतील हे त्या हिवाळ्यात आणि मार्च-एप्रिलमध्ये किती पडला यावर आहे. एखाद्या वर्षी मुलं मनसोक्त लोळतात, एखाद्या वर्षी मळकट ढिगाऱ्यावर उभं राहून फोटो काढावा लागतो. रोहतांगचा रस्ता पर्यटकांसाठी कधी उघडेल तेही बर्फ काढण्यावर अवलंबून, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो नक्की उघडा असेल असं जो आत्ता छातीठोकपणे सांगतोय त्याच्यावर विश्वास ठेवू नका. उघडला तर गाडीचं परमिट ऑनलाइन काढावं लागतं, रोजच्या गाड्यांवर मर्यादा आहे आणि मंगळवारी पर्यटकांच्या गाड्यांना तिथे बंदी असते. तो मंगळवार कार्यक्रम आखताना लोक हमखास विसरतात.

काश्मीरचं सांगतो. नुसतं प्रवासाच्या सोयीने बघितलं तर तुमच्यासारख्या कुटुंबाला काश्मीर मनालीपेक्षा सोपं आहे, हे अनेकांना खरं वाटत नाही. मुंबईहून विमानाने श्रीनगर, उंची १५८५ मीटर, म्हणजे सासऱ्यांना त्रास नाही. एकाच हॉटेलात मुक्काम ठेवून गुलमर्ग पन्नास किलोमीटर, सोनमर्ग ऐंशी, पहलगाम नव्वद-पंच्याण्णव, सगळं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं, आणि रस्ते मनालीच्या मानाने सरळ, त्यामुळे लेकीलाही बरं. गुलमर्गला गोंडोलाचे, म्हणजे केबल कारचे, दोन टप्पे आहेत. दुसरा टप्पा जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो, मेमध्ये बर्फ तिथे हमखास असतो पण सासऱ्यांनी तिथे जायचं नाही, पहिल्या टप्प्यापर्यंत जायचं तर तेही डॉक्टरांना विचारून. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन आधीच काढावी लागतात, ऐनवेळी दारात जाऊन मिळतील या भरवशावर राहू नका. ट्युलिप बाग एप्रिलमध्येच संपते, मेच्या फोटोत ट्युलिप दाखवून कोणी पॅकेज विकत असेल तर समजून घ्या. प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड लागतं. पहलगाम आणि सोनमर्गला आत फिरायला तिथल्या टॅक्सी युनियनच्याच गाड्या घ्याव्या लागतात, तो खर्च पॅकेजमध्ये आहे का ते लेखी विचारा.

पण २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनला पर्यटकांवर जो दहशतवादी हल्ला झाला तो आपण कोणीच विसरलेलो नाही, मृतांमध्ये महाराष्ट्रातली सहा माणसं होती. त्यानंतर मला रोज विचारलं जातं, जावं की नाही. मी कोणाला "बिनधास्त जा" म्हणत नाही आणि "जाऊ नका" असंही म्हणत नाही. त्या वेळची सरकारी सूचना बघा, कुठली ठिकाणं उघडी आहेत ते बघा, आणि मग घरात सगळ्यांना बसवून विचारा. सहा जणांतल्या एकाला जरी मनातून भीती असेल, विशेषतः सासूबाईंना, तर या वर्षी काश्मीर सोडा. सुट्टीत रोज सकाळी जीव मुठीत धरून गाडीत बसायचं आणि रात्री घरच्यांना "पोचलो" असे फोन करत राहायचं, ती सुट्टी नव्हे. भीती बाळगणाऱ्याला समजावत बसू नका, त्याचं म्हणणं ऐका.

उटी. तुम्ही हे नाव बहुतेक "सोपं आणि स्वस्त" म्हणून घेतलंय. बर्फ नाही, पण बाकी बऱ्याच गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. कोइम्बतूरहून अडीच-तीन तासांत वर पोचता. मी मात्र मुक्काम उटीऐवजी कुन्नूरला ठेवायला सांगतो. उटी शहर मेमध्ये भरून वाहतं, फुलांचं प्रदर्शनही त्याच महिन्यात असतं, आणि कुन्नूर थोडं खाली, थोडं शांत, चहाच्या मळ्यांमधली सपाट पायवाट सासूबाईंना झेपण्यासारखी. मेट्टुपालयम ते उटी ही ४६ किलोमीटरची छोटी रेल्वे युनेस्कोच्या यादीत आहे, चढाला दातेरी रूळ पकडत जाते, पण पूर्ण प्रवास साडेचार-पाच तासांचा होतो आणि मुलं शेवटी पेंगतात. कुन्नूर ते उटी एवढाच तुकडा केला तरी मजा तीच. मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला गाडीसाठी ई-पास लागतो, उन्हाळ्यात रोजच्या गाड्यांची संख्याही मर्यादित केलेली असते, तेव्हा ड्रायव्हरने पास काढलाय का ते निघायच्या आधी बघा. मैसूरकडून बंदीपूरमार्गे जाणार असाल तर जंगलातला तो रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. दक्षिणेत आणि आपल्या सह्याद्रीत पावसाचंही बघावं लागतं. नेहमी एक जूनच्या आसपास केरळात येणारा पाऊस २०२५ मध्ये २४ मेलाच आला आणि दोन दिवसांत मुंबईत पोचला. मेचा दुसरा आठवडा तसा बिनधोक, पण कोणी मेच्या शेवटी मुन्नार किंवा महाबळेश्वर ठरवत असेल तर हे लक्षात ठेवा.

सिक्कीम-दार्जिलिंगबद्दल थोडक्यात. फार सुंदर, पण आठ दिवसांत नाशिकहून जाऊन-येऊन सगळ्यात दमवणारं. गंगटोकच्या रस्त्याला दरडींचा त्रास, मेमध्ये दुपारच्या सरी सुरू झालेल्या, आणि छांगू सरोवर ३७५३ मीटर, नथुला ४३१० मीटर, म्हणजे बर्फाचा प्रश्न पुन्हा त्याच उंचीवर येऊन थांबतो.

आता गाडीतल्या तासांकडे येतो. याच्याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि परत आल्यावर सगळ्यात जास्त तक्रार याचीच असते. डोंगरात किलोमीटर मोजू नका, तास मोजा. सपाटीवर शंभर किलोमीटर दीड-पावणेदोन तासांत होतात, घाटात त्यालाच साडेतीन-चार तास लागतात आणि मेच्या वीकेंडला सहासुद्धा. शिमला-मनाली एकाच फेरीत करणारं पॅकेज तुम्हालाही आलं असेलच, सहा रात्री आणि तीन-चार ठिकाणं. कागदावर भरगच्च दिसतं. प्रत्यक्षात आठपैकी चार दिवस पूर्ण गाडीत जातात, त्यात वाटेवरचा धबधबा, वाटेवरचं मंदिर, वाटेवरचं शालीचं दुकान सगळं "साइटसीइंग" म्हणून मोजलेलं असतं. तुमच्या घरासाठी माझी मर्यादा अशी: मुक्कामाला पोचायचा आणि परतीचा असे दोन दिवस सोडले तर कुठल्याही दिवशी गाडीत चार तासांपेक्षा जास्त नाही, आणि बर्फाच्या दिवसाचा अपवाद फक्त जे जाणार त्यांच्यासाठी.

लेकीला गाडी लागते त्याबद्दल, कारण यावर तिचाच नाही तर सगळ्यांचा दिवस अवलंबून असतो. तिला मागच्या सीटवर अजिबात बसवू नका, मधल्या रांगेत, जिथून समोरचा रस्ता दिसतो तिथे. गाडीत मोबाईल आणि पुस्तक बंद. निघायच्या आधी पोट रिकामं नको आणि भरलेलंही नको, तेलकट पराठे तर नकोच, कोरडी पोळी किंवा खाकरा, थोडं आलं. गोळी द्यायची ती तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून, वजनाप्रमाणे डोस घेऊन, आणि घाट सुरू व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी. उलटी सुरू झाल्यावर दिलेल्या गोळीचा उपयोग होत नाही. घाटात बरेच ड्रायव्हर एसी बंद करतात, त्यावरून भांडू नका, काच खाली केलेली तिला जास्त बरी वाटेल. सहा जण आणि सामान म्हणजे इनोव्हा ठासून भरते, त्यापेक्षा बारा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर घ्या, सासूबाईंना पाय लांब करून बसता येतं आणि गुडघे आखडत नाहीत. फक्त ट्रॅव्हलरच्या शेवटच्या सीटवर हेलकावे फार, तिथे बॅगा टाका.

गुडघ्यांसाठी ठिकाणापेक्षा हॉटेल महत्त्वाचं. डोंगरातलं हॉटेल उतारावर बांधलेलं असतं, रिसेप्शन वर आणि खोल्या चाळीस पायऱ्या खाली असं सर्रास असतं आणि फोटोत ते दिसत नाही. शिमल्याच्या मॉल रोडवर गाड्या जात नाहीत, लिफ्ट आहे पण लिफ्टपासून हॉटेलपर्यंतचा चढ कोणी सांगत नाही. माथेरानलाही गाड्या नाहीत, तिथेही हाच विचार.

मग तुम्ही कुठे जावं? मी तुमच्या जागी असतो तर नग्गरला गेलो असतो. कुल्लू खोऱ्यातलं गाव आहे, मनालीपासून वीसेक किलोमीटर अलीकडे, बियास नदीच्या डाव्या काठाला वर चढून, उंची अठराशेच्या आसपास. मनालीच्या बाजारातली गर्दी आणि हॉर्न तिथे पोचत नाहीत. सफरचंदाच्या बागा आहेत, मेमध्ये फळं हिरवी आणि बोराएवढी असतात, मुलांना आधीच सांगून ठेवा नाहीतर तोडायला धावतील. जुना लाकूड-दगडाचा किल्ला आहे, त्याच्या ओसरीत बसलं की समोर सगळं खोरं. वर रशियन चित्रकार निकोलस रोरिक १९२८ पासून १९४७ मध्ये मृत्यू होईपर्यंत जिथे राहिला ते घर, आता तिथे त्याच्या चित्रांचं संग्रहालय आहे. सासऱ्यांना सकाळी चालायला रस्ता आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाच रात्री एकाच खोलीत, बॅगा एकदाच उघडायच्या.

दिवस असे बसवा. शनिवारी मुंबईहून विमानाने चंदीगड, किंवा बजेटसाठी नाशिक रोडहून राजधानीने दिल्ली आणि तिथून शताब्दीने चंदीगड, मात्र रेल्वेने गेलात तर एक दिवस जास्त धरा. शनिवारी रात्र चंदीगडलाच. रविवारी सकाळी सहाला निघा, वाटेत मंडीच्या आसपास जेवण, सात-आठ तासांत नग्गर. रविवार मुद्दाम सांगतोय. दिल्ली-पंजाबची गर्दी शुक्रवारी रात्री वर चढते आणि रविवारी दुपारी खाली उतरते, तुम्ही उलट्या दिशेने असता. तिकडच्या शाळांच्या सुट्ट्या साधारण मेच्या मध्यापासून लागतात, त्यामुळे आपल्या मराठी शाळांच्या मुलांसाठी मेचे पहिले दोन आठवडे सोन्यासारखे, वीस तारखेनंतर हाच रस्ता दुप्पट वेळ घेतो. सोमवारी काहीही ठेवू नका, किल्ला, बाग, झोप. मंगळवारी मनाली, देवदारांमधलं हिडिंबा मंदिर, पण दुपारी परत. बुधवारी बर्फ.

या बुधवारी कुटुंबाने दोन भागांत वाटून घ्यायचं. तुम्ही दोघं आणि मुलं पहाटे पाचला निघा, रोहतांग उघडा असेल आणि परमिट मिळालं असेल तर रोहतांग, नाहीतर बोगद्यातून कोकसर. आजी-आजोबा नग्गरलाच. अनेक घरांत हे पटत नाही, "आलो तर सगळे एकत्रच" असं म्हणतात, आणि मग आजोबा चार हजार मीटरवर गाडीत बसून राहतात, धाप लागलेली कोणाला सांगत नाहीत कारण नातवंडांचा विरस व्हायला नको. मला ते बघवत नाही. आजोबांना आधीच मोकळेपणाने सांगा, घरी असतानाच, की हा एक दिवस तुमचा आरामाचा. त्यांना बरं वाटत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर गुरुवारी सगळ्यांनी मिळून बोगद्यापलीकडे सिस्सूला तासभर जाऊन या, एकतीसशेच्या आसपास उंची, रात्री परत अठराशेवर. शुक्रवारी खाली चंदीगड, शनिवारी विमान.

कोट आणि गमबूट वाटेवर भाड्याने मिळतात, घरून आणायची गरज नाही, पण मुलांचे हातमोजे आणि दोन जोड जास्तीचे मोजे स्वतःचे घ्या, भाड्याचे ओलसर असतात. बर्फावरचं ऊन डोळ्यांना आणि कातडीला लागतं, मुलांना गॉगल घालाच. खाण्यासाठी मेतकूट, भाजणी, थोडे लाडू बरोबर ठेवा. सासूबाईंना चौथ्या दिवशी राजमा आणि पनीर नकोसं होतं हे मी ठामपणे सांगतो, आणि छोट्या हॉटेलात आधी बोललं तर साधा मऊ भात-वरण आनंदाने करून देतात.

आता मुलांना विचारून बघा, बर्फ खरंच हवाय की शाळेतल्या कोणीतरी बर्फातले फोटो दाखवले म्हणून हवाय. बर्फाचा हट्ट सुटला तर माझं उत्तर बदलतं, मग मी सरळ उत्तराखंडातलं कुमाऊँ सांगेन. राजधानीने दिल्ली, एक रात्र आराम, सकाळची शताब्दी दुपारी काठगोदामला पोचवते आणि तिथून मुक्तेश्वर किंवा रामगढ तीन तासांच्या आत. तुमच्या लेकीसाठी हिमालयात याहून कमी घाटाचा रस्ता क्वचितच मिळेल. नैनितालला मुक्काम नको, एक दिवस बोटीत बसायला जाऊन या. भवालीजवळ कैंचीधामच्या रस्त्यावर वीकेंडला गाड्या तासन्तास अडकतात, तिथून जायचं तर सोमवार ते गुरुवारात जा. एक गोष्ट आधीच सांगतो, मेमध्ये तिथली हिमशिखरं धुरकट हवेत बऱ्याचदा दिसत नाहीत, चीडच्या जंगलांना वणवे लागतात त्याचाही धूर असतो. एखादी सर पडून गेली की दुसऱ्या दिवशी पहाटे पाच-साडेपाचला नंदादेवी, त्रिशूळ स्वच्छ दिसतात, तेव्हा अलार्म लावून उठा. काफळ नावाचं आंबटगोड फळ रस्त्यावर विकायला असतं, मुलांना नक्की द्या.

थोडक्यात क्रम असा: बर्फ हवाच असेल तर नग्गर, बर्फ नको असेल तर मुक्तेश्वर-रामगढ, उत्तरेचा लांबचा प्रवासच नको वाटत असेल तर कुन्नूर, आणि घरात सगळ्यांची मनापासून तयारी असेल तर श्रीनगर. डॉक्टर म्हणाले की या वर्षी कुठेच उंचावर नको, तर पाचगणीला चार दिवस. साडेबाराशे-तेराशे मीटर, घरापासून एका दिवसाचा प्रवास, टेबललँडवर सासरे आरामात चालतील, आणि वेळ पडली तर सातारा-पुण्याची हॉस्पिटलं जवळ. त्यात कमीपणा काही नाही.

आता करायची कामं. सगळ्यात आधी सासऱ्यांच्या कार्डिओलॉजिस्टची अपॉइंटमेंट घ्या आणि "डोंगरात जाऊ का" असं मोघम न विचारता आकडे सांगून विचारा: रात्री अठराशे मीटर, दिवसा तासभर एकतीसशे मीटर, चालेल का? सगळी औषधं चार दिवस जास्तीची आणि दोन वेगळ्या बॅगांत ठेवा, प्रिस्क्रिप्शनचा फोटो तुम्हा दोघांच्या फोनमध्ये. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, मेच्या दुसऱ्या आठवड्यासाठी म्हणजे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी आठला फोन घेऊन तयार बसा. हॉटेलला मेल करू नका, फोन करा आणि चार गोष्टी विचारा: गाडी दारापर्यंत येते का, गाडीपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, तळमजल्याची खोली लिहून देणार का, बाथरूममध्ये कमोड आणि धरायला दांडा आहे का. पायऱ्यांचा आकडा विचारल्यावर समोरचा "ज्यादा नहीं है" म्हणाला तर त्याला व्हिडिओ पाठवायला सांगा. जो पाठवतो त्याच्याकडे बुकिंग करा.

डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा. त्यांनी ३१०० ला नाही म्हटलं तरी नग्गरचा कार्यक्रम मोडत नाही, फक्त गुरुवार बदलायचा, तो कसा ते मग सांगतो.